परवाना नसलेल्या ठिकाणी गुरांची कत्तल: गोव्यात तक्रार कशी, कुठे आणि कोणत्या क्रमाने नोंदवावी

बेकायदा कत्तलीची तक्रार फसते ती बहुधा हेतू खोटा असतो म्हणून नव्हे, तर क्रम चुकतो म्हणून. कोणी आधी चित्रफीत समाजमाध्यमांवर टाकतो आणि मग पोलिसांत जातो. कोणी वाहन अडवून स्वतःच झडती घेतो, आणि मुद्देमाल कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेला याचा मेळ पुढे लागत नाही. कोणी तक्रारीत शेजारच्या राज्याचा कायदा लिहितो. या लेखात तक्रारीचे टप्पे ज्या क्रमाने घ्यायला हवेत त्याच क्रमाने दिले आहेत. शेवटी गुरांच्या मालकांसाठी स्वतंत्र भाग आहे, कारण जखमी किंवा आजारी जनावराच्या बाबतीत नकळत गुन्हा घडतो तो तिथेच.

## १. आधी ठरवा: जनावर कोणते आणि कायदा कोणता

हा टप्पा सर्वांत महत्त्वाचा आहे आणि सर्वाधिक वगळला जाणाराही हाच आहे. गोव्यात गुरांच्या कत्तलीला दोन वेगळे कायदे लागू होतात आणि त्यांच्या अटी एकसारख्या नाहीत.

पहिला कायदा गोवा, दमण आणि दीव गोहत्या प्रतिबंधक कायदा, १९७८. त्यानुसार गाय, कालवड आणि वासरू यांच्या कत्तलीवर बंदी आहे. जनावर असह्य वेदनेत असेल, त्याला संसर्गजन्य रोग झाला असेल किंवा वैद्यकीय संशोधनाचे काम असेल, एवढेच अपवाद आहेत. उल्लंघनास दोन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा आहे.

दुसरा कायदा गोवा प्राणी संरक्षण कायदा, १९९५. तो वळू, बैल, नर वासरे आणि सर्व वयाच्या म्हशी-रेड्यांना लागू होतो. या जनावरांची कत्तल करता येते. मात्र त्याआधी सक्षम अधिकाऱ्याचा 'कत्तलीस योग्य' असा लेखी दाखला मिळवावा लागतो. ओढकामासाठी, पैदाशीसाठी किंवा म्हशीच्या बाबतीत दुधासाठी जनावर पुढे उपयोगी ठरण्याची शक्यता असेल, तर हा दाखला दिला जात नाही. येथे शिक्षा एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपये दंड किंवा दोन्ही अशी आहे. दोन्ही कायद्यांखालील गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र आहेत, म्हणजे गुन्हा नोंदवण्यासाठी पोलिसांना न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाची वाट पाहावी लागत नाही.

पेडणे, डिचोली, दोडामार्ग, सावंतवाडी या पट्ट्यात एक गोंधळ फार आढळतो. महाराष्ट्रात २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही पूर्ण बंदी आहे, आणि तिथली शिक्षाही अधिक कडक आहे. पत्रादेवीच्या सीमेच्या अलीकडे, म्हणजे गोव्यात, तो कायदा चालत नाही. गोव्यात बैलाची कत्तल दाखल्यासह आणि परवाना असलेल्या ठिकाणी झाली असेल, तर ती गुन्हा ठरत नाही. तसेच बाहेरच्या राज्यातून आलेल्या मांसाच्या विक्रीला १९९५ च्या कायद्यात मुभा आहे. बेळगावकडून चोर्ला किंवा अनमोड घाटाने मांस घेऊन एखादे वाहन आले, तर निव्वळ त्यावरून तक्रार उभी राहत नाही. तिथे प्रश्न फक्त कागदपत्रांचा आणि अन्नसुरक्षेचा असतो.

जागेचा प्रश्न स्वतंत्रपणे पाहावा लागतो. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली २००१ मध्ये कत्तलखाना नियम आले. त्यांनुसार नगरपालिका क्षेत्रात मान्यताप्राप्त किंवा परवानाधारक कत्तलखान्याखेरीज कुठेही जनावर कापता येत नाही. गाभण जनावर, तीन महिन्यांच्या आतले पिल्लू असलेली मादी, तीन महिन्यांहून लहान जनावर आणि पशुवैद्याने योग्य न ठरवलेले जनावर हे परवाना असलेल्या जागीही कापता येत नाही. या नियमातील शब्द 'नगरपालिका क्षेत्र' असा आहे, हे नीट ध्यानात घ्यावे. घटना पंचायत क्षेत्रातील असेल, तर तक्रारीचा आधार मुख्यतः गोव्याचे दोन कायदे आणि अन्नसुरक्षा कायदा हाच ठेवावा. विक्रीसाठी दिवसाला दोन मोठी जनावरे एवढ्या छोट्या प्रमाणावर कत्तल करणाऱ्यालाही अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते, आणि त्याहून मोठ्या कामाला परवाना लागतो.

तपासून घ्या: पुढच्या टप्प्याकडे जाण्यापूर्वी तीन प्रश्नांची उत्तरे कागदावर लिहा. जनावर गाईच्या जातीचे की म्हशीच्या? जागा पालिकेची की पंचायतीची? तिथे परवाना नाही हे तुम्हाला माहीत आहे, की तसा फक्त समज आहे? एखादे उत्तर 'माहीत नाही' असे असेल तर तसेच लिहा. 'माहीत नाही' असे लिहिल्याने तक्रार दुबळी होत नाही. चुकीच्या खात्रीने होते.

## २. घटना घडण्याआधीची तयारी

परिसरात असा प्रकार वारंवार होत असल्याची शंका असेल, तर काही माहिती आधीच मिळवून ठेवता येते. उसगाव येथील गोवा मीट कॉम्प्लेक्स हा राज्य सरकारच्या उपक्रमाचा कत्तलखाना आहे. तुमच्या पालिकेने किंवा पंचायतीने अन्य कोणत्या जागेला परवानगी दिली आहे का, हे माहिती अधिकाराच्या अर्जाने विचारा. अर्जाला तीस दिवसांत उत्तर द्यावे लागते. 'अमुक सर्वे क्रमांकात किंवा अमुक घरक्रमांकावर कत्तलीस परवाना दिला आहे काय, दिला असल्यास प्रत द्यावी' एवढाच नेमका प्रश्न विचारावा. 'आमच्या गावात बेकायदा कत्तल का चालते' अशा प्रश्नाला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही, कारण तो माहितीचा प्रश्नच नव्हे.

मांसविक्रीच्या दुकानात अन्नसुरक्षा क्रमांक लावलेला असणे बंधनकारक आहे. तो चौदा अंकी असतो. परवान्याचा क्रमांक १ ने आणि छोट्या नोंदणीचा २ ने सुरू होतो. तो दिसत नसेल, तर ती तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे वेगळी करावी. दुकानाचा परवाना आणि कत्तलीचा परवाना या निराळ्या गोष्टी आहेत, म्हणून दोन्हींची सरमिसळ एका अर्जात करू नये.

आपल्या हद्दीतील पोलीस स्थानक आणि सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना यांचे दूरध्वनी क्रमांकही हाताशी असू द्यावेत.

## ३. प्रकार चालू असताना: आधी ११२, नंतर बाकी सारे

कत्तल चालू असल्याचे दिसले किंवा खात्रीने कळले, तर पहिले काम ११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करण्याचे. ओळखीच्या कार्यकर्त्याला फोन, गटावर संदेश, सरपंचाला निरोप ही सगळी कामे त्यानंतरची. कारण व्यावहारिक आहे. ११२ च्या कॉलची वेळ आपोआप नोंदली जाते, आणि पोलीस उशिरा आले की वेळेत आले, या वादात पुढे हीच नोंद निर्णायक ठरते. नोंद क्रमांक मागून घ्या आणि लिहून ठेवा.

फोनवर चार गोष्टी सांगाव्यात: नेमकी जागा आणि ओळखीची खूण, काय चालले आहे, तुम्ही ते स्वतः पाहत आहात की ऐकून सांगत आहात, आणि तिथे जिवंत जनावरे आहेत का. त्यापुढे एक विनंती करावी की पथकासोबत पशुवैद्यकीय अधिकाऱ्याला कळवावे. ही विनंती सुरुवातीलाच झाली तर बरे. रात्री छापा पडतो आणि पशुवैद्य दुसऱ्या दिवशी दुपारी येतो, तोवर मांसाची ओळख पटवणे अवघड झालेले असते.

इशारा: आत शिरू नका, कोणाला धरून ठेवू नका, वाहन अडवू नका. दुसऱ्याच्या जागेत बेकायदा शिरणे आणि एखाद्याची वाट अडवणे हे भारतीय न्याय संहितेखाली स्वतंत्र गुन्हे आहेत, आणि जमावाने केलेल्या मारहाणीत मृत्यू झाल्यास जन्मठेप किंवा मृत्युदंडापर्यंत शिक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये अशा जमाव-हिंसेविरुद्ध प्रत्येक जिल्ह्यात पोलीस अधीक्षक दर्जाचा अधिकारी नेमण्याचे निर्देश दिले ते याचसाठी. कायदा आपल्या बाजूने असताना तो स्वतःच्या हातांनी मोडणे मला अक्षम्य वाटते. त्यात माणसाचा जीव जाऊ शकतो, आणि ज्या जनावरासाठी हे सगळे केले त्याचा खटलाही वाया जातो.

## ४. पुरावा: काय टिपावे आणि कशाला हात लावू नये

आपल्या जागेवरून किंवा सार्वजनिक रस्त्यावरून छायाचित्रे आणि चित्रफीत घ्यावी. पहिले दृश्य दूरचे असावे, ज्यात रस्ता, खांब किंवा शेजारचे घर दिसेल, मग जवळचे. नुसत्या रक्ताच्या जवळून घेतलेल्या चित्रावरून जागा सिद्ध होत नाही. वाहन असेल तर क्रमांक, आणि जनावरे दिसत असतील तर रंग, शिंगे आणि कानातला बिल्ला.

कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर बारा अंकी क्रमांक असतो, आणि त्यावरून जनावर कोणाच्या नावावर नोंदलेले आहे हे पशुसंवर्धन खात्याला शोधता येते. चोरीच्या जनावराचा बिल्ला कापून टाकण्याचाही प्रकार होतो, तेव्हा कान फाटलेला किंवा ताजा कापलेला दिसला तर तेही टिपावे. माझ्या मते दहा अस्पष्ट चित्रफितींपेक्षा असा एक स्पष्ट फोटो अधिक मोलाचा असतो.

मूळ चित्रफीत ज्या फोनवर घेतली त्याच फोनवर राहू द्यावी. संदेशाच्या ॲपवरून पाठवलेल्या प्रतीतून वेळ आणि ठिकाणाची माहिती गळून जाते. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली अशा डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावे लागते, आणि ज्याच्या फोनवर ती घेतली गेली त्याला त्यावर सही करावी लागते. म्हणून चित्रीकरण कोणी केले हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट असले पाहिजे.

मांस, कातडे, खूर, सुरे यांतले काहीही उचलू नका. तक्रारदाराने पिशवीत भरून पोलीस स्थानकात आणलेला तुकडा पुरावा म्हणून जवळजवळ निरुपयोगी असतो, कारण तो तिथूनच उचलला याला पंचनाम्याचा आधार नसतो.

## ५. लेखी तक्रार

तक्रार मराठीत देता येते. गोव्याच्या राजभाषा कायद्यात कोंकणी राजभाषा आहे आणि मराठीचाही शासकीय कामकाजात वापर करण्याची तरतूद आहे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी माहिती कोणत्याही पोलीस स्थानकात देता येते. ती इलेक्ट्रॉनिक मार्गाने पाठवली तर तीन दिवसांत तिच्यावर सही करावी लागते. तरीही जमत असेल तर हद्दीच्याच पोलीस स्थानकात जावे, त्यामुळे हस्तांतरणात जाणारे दिवस वाचतात.

तक्रारीत पाहिलेले आणि ऐकलेले वेगवेगळ्या परिच्छेदांत लिहावे. पाहिलेल्या भागाचा नमुना असा:

'दिनांक अमुक रोजी पहाटे सुमारे ४ वाजून २० मिनिटांनी मी माझ्या घराच्या गच्चीवरून समोरील बंद गॅरेजच्या मागच्या अंगणात दोन गुरे बांधलेली व एक पाडून कापले जात असलेले पाहिले. कापले जाणारे जनावर तांबूस रंगाचे, आखूड शिंगांचे असून त्याच्या उजव्या कानात पिवळा बिल्ला होता. ते गाय होते की बैल हे मला अंतरामुळे ओळखता आले नाही. मी ४ वाजून २५ मिनिटांनी ११२ वर कळवले.'

यातले 'ओळखता आले नाही' हे वाक्य कधीही गाळू नये. उलटतपासणीत वकील हाच प्रश्न आधी विचारतो, आणि तक्रारीत ठामपणे 'गाय' लिहिलेले असून साक्षीत ते ढळले, की बाकीची साक्षही संशयात येते.

ऐकीव माहितीच्या परिच्छेदात कोणी सांगितले, कधी सांगितले आणि ती व्यक्ती जबाब द्यायला तयार आहे का, एवढे लिहावे. शेवटी कायद्यांची नावे पूर्ण लिहावीत. कलमे लावणे पोलिसांवर सोडावे. जनावर चोरीचे असल्याची शंका असेल तर चोरी, आणि दुसऱ्याचे जनावर ठार मारल्याबद्दल न्याय संहितेचे कलम ३२५ (पाच वर्षांपर्यंत कैद) यांचा विचार व्हावा, अशी विनंती जोडता येते.

तक्रारीत कोणाच्याही धर्माचा, जातीचा किंवा वस्तीबद्दलच्या समजाचा उल्लेख नको. गुन्ह्याच्या सिद्धतेशी त्याचा संबंध नाही, आणि दोन समाजांत तेढ वाढवल्याचा आरोप उलट तक्रारदारावर येऊ शकतो. जाणूनबुजून खोटी माहिती देणे हाही शिक्षेस पात्र गुन्हा आहे.

नाव उघड होण्याची भीती असेल, तर पोलीस निरीक्षकांना तसे सांगून माहिती द्यावी आणि छाप्यानंतर फिर्याद सरकारतर्फे पोलीस अधिकाऱ्यानेच नोंदवावी अशी विनंती करावी. एकट्या राहणाऱ्या किंवा म्हाताऱ्या शेजाऱ्यांसाठी हा मार्ग मला योग्य वाटतो. गावात राहायचे आहे, याचा विचार त्यांनी करणे हा भित्रेपणा नव्हे.

तपासून घ्या: एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. पोलीस स्थानक सोडण्यापूर्वी ती मागा आणि जागा, वेळ, जनावरांची संख्या आणि कायद्यांची नावे बरोबर आहेत का, हे तिथेच वाचून पाहा.

## ६. पंचनामा आणि नमुने

हे काम पोलिसांचे आणि पशुवैद्याचे आहे, परंतु तक्रारदाराला त्यातले काही माहीत असले तर वेळीच विचारता येते. झडती आणि जप्तीचे ध्वनिचित्रमुद्रण करणे नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने बंधनकारक केले आहे. पंच म्हणून त्याच परिसरातील दोन स्वतंत्र व्यक्ती हव्यात. तक्रारदार, त्याचा भाऊ किंवा त्याच संघटनेचा कार्यकर्ता पंच झाला, तर स्वातंत्र्य राहत नाही. उत्साहाने पंच होण्यास पुढे येणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे.

आता नमुन्यांविषयी. मांसाच्या डीएनए चाचणीतून ते गोवंशाचे की म्हशीचे हे कळते. हैदराबादच्या राष्ट्रीय मांस संशोधन संस्थेत अशी प्रजाती-ओळख होते. पण नेहमीची प्रजाती-चाचणी ते मांस गाईचे की बैलाचे हे सांगत नाही, कारण दोघांची प्रजाती एकच. आणि गोव्यात १९७८ चा कायदा लागेल की १९९५ चा, हे नेमके याच फरकावर ठरते. म्हणूनच नुसत्या मांसाच्या तुकड्यांपेक्षा डोके, कातडे, कास किंवा जननेंद्रियांचे अवशेष यांची नोंद पंचनाम्यात होणे आणि पशुवैद्याने लिंग व अंदाजे वय लिहून देणे फार महत्त्वाचे असते. पशुवैद्यकीय अहवालात लिंगाचा उल्लेख यावा आणि शक्य असल्यास प्रयोगशाळेलाही तो प्रश्न विचारला जावा, अशी विनंती लेखी करावी.

नमुने सीलबंद, थंड स्थितीत आणि विलंब न होता जायला हवेत. फॉर्मॅलिनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातील डीएनए खराब होतो. रात्रीच्या छाप्यात हाती लागेल त्या द्रावणात तुकडा बुडवून ठेवण्याची चूक तपास यंत्रणेकडूनही होऊ शकते, तेव्हा आदराने आठवण करून द्यावी.

लिंग ठरले नाही तरी खटला संपत नाही. प्रजाती गोवंशाची निघाली आणि आरोपीकडे दाखला नसेल, तर निदान १९९५ च्या कायद्याचे उल्लंघन उरते. मूळ तक्रारीत दोन्ही कायद्यांचा उल्लेख हवा तो यासाठी.

## ७. जिवंत सापडलेली जनावरे

जप्त केलेली जनावरे खटल्याच्या काळात गोशाळा, पांजरपोळ किंवा प्राणिक्लेश निवारण संस्थेच्या ताब्यात देण्याची तरतूद २०१७ च्या नियमांत आहे, आणि संगोपनाचा खर्च न्यायदंडाधिकारी ठरवू शकतो. गोव्यात शिकेरी (मये) आणि नाणूस (वाळपई) येथे मोठ्या गोशाळा आहेत. जनावरे तक्रारदाराने स्वतःच्या गोठ्यात नेऊ नयेत, हेतू कितीही चांगला असला तरी. नेताना एका मालवाहू गाडीत सहाहून अधिक मोठी गुरे भरता येत नाहीत. सुटका केलेल्या जनावरांनाही हा नियम लागू आहे. पाणी, चारा आणि पशुवैद्याची तपासणी यांची नोंद ताबापावतीत करून घ्यावी.

## ८. पाठपुरावा

पोलिसांनी गुन्हा नोंदवण्यास नकार दिला, तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(४) नुसार माहितीचा सारांश टपालाने पोलीस अधीक्षकांना पाठवावा आणि पोचपावती जपून ठेवावी. तिथेही दाद लागली नाही, तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. अधीक्षकांची पायरी वगळून थेट न्यायालयात गेल्यास अर्ज याच कारणावरून फेटाळला जाऊ शकतो.

'आधी चौकशी करू, मग पाहू' असे उत्तर मिळू शकते. याच संहितेतील चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी आहे. गोव्याच्या या दोन्ही कायद्यांतील शिक्षा त्याहून कमी असल्याने ती तरतूद त्यांना लागू होत नाही, हे नम्रपणे दाखवून द्यावे. गुन्हा नोंदवल्यानंतर तपासाची प्रगती फिर्यादीला नव्वद दिवसांत कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती कळली नाही तर एक पानी स्मरणपत्र द्यावे.

रक्त किंवा आतडी ओढ्यात, शेतात किंवा खाजनात (खाडीलगतच्या बांध घातलेल्या जमिनीत) टाकली जात असतील, तर गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे स्वतंत्र अर्ज करावा. फौजदारी खटला सावकाश चालतो. पाण्याचा प्रश्न त्याच्या निकालासाठी थांबू शकत नाही.

## गुरांच्या मालकांसाठी

रस्त्यावर गाडीची धडक बसून पाय मोडलेली गाय, अवघडलेल्या बाळंतपणात अडकलेली म्हैस, असाध्य रोगाने खंगलेला बैल: अशा वेळी 'त्रास संपवावा' या भावनेने घरीच निर्णय घेतला जातो. कायद्याच्या दृष्टीने आधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्याची तपासणी आणि लेखी दाखला, मग पुढची कृती, असाच क्रम आहे. जनावर मेल्यानंतर मिळवलेला दाखला हा दाखला ठरत नाही. म्हणून प्रथम सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला फोन करा, जखमेचे फोटो काढा, आणि डॉक्टर येईपर्यंत जनावराला सावलीत ठेवून पाणी द्या. वेदनाशामक किंवा वेदनारहित मृत्यूचा निर्णय त्यांचा असतो.

जनावर नैसर्गिकरीत्या मेले, तर बिल्ल्याचा क्रमांक देऊन पशुसंवर्धन खात्याच्या नोंदीतून ते कमी करून घ्यावे आणि पुरण्यापूर्वी पंचायतीला कळवावे. जनावर हरवले असेल, तर ते परत येईल म्हणून आठवडाभर थांबू नये. बिल्ला क्रमांक, रंग आणि शेवटचे कुठे दिसले हे लिहून त्याच दिवशी पोलीस स्थानकात नोंद करावी. रात्री मोकाट सोडलेली गुरेच चोरांच्या हाती सहज लागतात. कुठल्यातरी अंगणात पुढे एखादा पिवळा बिल्ला सापडला, तर तो तुमच्या जनावराचा होता हे या नोंदीखेरीज सिद्ध करणे कठीण जाते.